आबांसाठी फायरप्लेस

दुबईत फायरप्लेस विकत घेणारी माणसं मूर्ख असतात, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. मी दुबईच्या देरा भागातल्या एका कन्सल्टन्सीत ड्राफ्टिंगचं काम करायची. नव्वदच्या दशकात आधी बोर्डावर आणि मग कॉम्प्युटरवर लोकांचे व्हिला मी रेघारेघांनी उभे केले. त्यातल्या बऱ्याच व्हिलांच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांना बसवायच्या खोलीत, एका भिंतीला फायरप्लेस असायची. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत घूं घूं करणारा एसी, आणि मी धुराड्याचं सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढत बसलेली. आमचा लेबनानी आर्किटेक्ट म्हणायचा, "यल्ला, चल, तू काढ. लोकांना आग बघायला आवडतं." मी काढायची आणि मनातल्या मनात हसायची.

पुढे मी स्वतःच एक घेतली. ती का घेतली हे सांगायचं तर माझ्या वडिलांपासून सुरुवात करावी लागेल.

आबा सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. चौतीस गळीत हंगाम त्यांनी बॉयलरपुढे काढले. उसाची चिपाडं भट्टीत नीट जातायत ना, वाफेचा काटा कुठे आहे, धुराड्यातून येणारा धूर काळा आहे की पांढरा, यावर त्यांचा जन्म गेला. मी त्यांची एकुलती एक. आई गेल्यावर ते तालुक्याच्या गावी आमच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. एका सकाळी ते मोरीत पाय घसरून पडले आणि उठता येईना म्हणून सहापासून अकरापर्यंत तसेच पडून राहिले. शेजारचे गृहस्थ पेपर मागायला आले तेव्हा कळलं. मला हे त्यांनी वीस दिवसांनी फोनवर सांगितलं, तेसुद्धा पाऊसपाण्याचं बोलून झाल्यावर. "जरा घसरलो होतो," एवढंच म्हणाले. खरी हकीकत शेजाऱ्यांकडून कळली.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. अकरा वर्षं करामा या जुन्या वस्तीत भाड्याने काढल्यावर आम्ही नुकताच मरीना या नव्या भागात स्वतःचा फ्लॅट घेतला होता. तीन बेडरूमचा. तिसरी खोली आबांची, हे मी कोणालाही न विचारता ठरवून टाकलं. नवऱ्याने एका शब्दाने अडवलं नाही. तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर त्यांना आणायचं, जरा रुळू द्यायचं आणि मग रेसिडेन्स व्हिसाचे कागद करून कायमचं ठेवून घ्यायचं, असा माझा बेत होता. मला एवढंच हवं होतं की ते पुन्हा त्या मोरीत एकटे पडू नयेत.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आबा आले. एक सूटकेस, एक पिशवी, पिशवीत माझ्यासाठी भडंग आणि नातीसाठी गूळ.

आमच्या गावाकडे जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. आबा तितके जुने नव्हते, पाणीही प्यायचे आणि जेवायचेही. पण लेकीच्या घरी राहणारा बाप कसा अंग चोरून राहतो, ते मी त्या तीन महिन्यांत पाहिलं. फ्रिज उघडायच्या आधी विचारायचे. स्वतःचं ताट स्वतः धुऊन पालथं घालायचे. सूटकेस त्यांनी रिकामी केलीच नाही, पलंगाखाली ठेवून त्यातूनच कपडे काढायचे. आणि माझ्या नवऱ्याला ते आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे "पाव्हणं" म्हणायचे. "पाव्हणं, टीव्ही लावू का?" म्हणजे घर ज्याचं तो पाहुणा आणि परवानगी मागणारे आबा. नवरा बिचारा दर वेळी सोफ्यावरून अर्धा उठायचा.

आणि आबांना थंडी वाजायची. इमारतीचा एसी सेंट्रल, नवऱ्याला आणि मुलीला एकवीसवर झोपायची सवय. आबा घरात स्वेटर आणि मफलर घालून बसायचे. दुपारी मी ऑफिसातून फोन केला की म्हणायचे, बाल्कनीत बसलोय. बाहेर चाळीस डिग्री, मरीनाची क्रेन आणि धूळ, आणि हा माणूस तिथे ऊब खायला बसलेला. मी एसी कमी केला तर मुलीच्या कपाळावरचा घाम बघून ते स्वतः उठून पुन्हा वाढवायचे. विचारलं तर म्हणायचे, "मला काय झालंय? बरा हाय की मी."

आता इथे आमच्या घरातला एक जुना वाद सांगायला हवा. मी सांगलीकडची, नवरा सदाशिव पेठेतला. आमच्याकडे पाहुण्याचं पहिलं 'नको' मोजतच नाहीत. दुसरं 'नको' म्हणजे जरा थांबून वाढा. तिसऱ्यांदा 'नको' म्हणून त्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तरी हाताच्या फटीतून अर्धी पोळी सरकवायची असते. पाहुणाही हे धरूनच पहिल्यांदा नको म्हणतो. लगेच हो म्हणणारा माणूस हावरट ठरतो. माझ्या नवऱ्याला हा सगळा प्रकार छळ वाटायचा. "माणूस नको म्हणाला ना? मग नको. संपलं. खलास." लग्न झाल्यावर पहिल्या दिवाळीला मी सासरी दुसऱ्या लाडवाला नको म्हटलं आणि सासूबाईंनी डबा बंद करून फडताळात ठेवला. त्या दिवशी मी उपाशी उठले, हे मी त्याला आजवर ऐकवत आले आहे.

तर आबांना थंडी वाजत होती आणि ते बोलत नव्हते. मी विचार करकरून हैराण झाले. मग एक दिवस ऑफिसात एका सप्लायरचा कॅटलॉग चाळताना मला विजेवर चालणारी फायरप्लेस दिसली. धुराडं नको, गॅस नको, भिंतीला टेकवून ठेवायची आणि प्लग लावायचा. खालून गरम वारा येतो आणि काचेमागे लाकडं जळताना दिसतात. चौतीस वर्षं आगीपुढे बसलेल्या माणसासाठी याहून चांगलं काय असणार होतं? मला इतका आनंद झाला की मी दुपारचा डबा तसाच ठेवून नवऱ्याला फोन लावला.

तो म्हणाला, "त्यांना विचारलंस का?"

मी म्हटलं, "ते नकोच म्हणणार."

"मग?"

"मग काय, शुक्रवारी सुट्टीच आहे, जायचं आणायला."

गाडीत बसल्यावर मी आबांना कुठे चाललोय ते सांगितलं. ते म्हणाले, "कशाला उगंच? नको." मी मनात म्हटलं, एक.

शेख झायेद रोडवरचं ते शोरूम बाहेरून साधं होतं आणि आत थंडगार. दारातच एक दगडी फायरप्लेस मांडून ठेवली होती, खऱ्या लाकडाची, व्हिलावाल्यांसाठी. आबा तिच्यापुढे थांबले. मफलर मागे टाकला, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि डोकं थेट आत घालून वर बघायला लागले. मग हात घालून काहीतरी चाचपलं. "डॅम्पर हाय," आतूनच आवाज आला, म्हणजे धुराड्याची झडप. "पण अरुंद हाय. धूर मागं फिरणार." तिथला सेल्समन लखनौचा होता. त्याने अदबीने विचारलं, "सर इंजिनियर हैं?" आबा बाहेर आले, हात झटकले आणि म्हणाले, "नहीं. बॉयलर पे था." त्या वेळी ते पाठ ताठ करून उभे होते. दुबईत आल्यापासून मी त्यांना असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं, आणि माझी खात्रीच पटली की मी बरोबर ठिकाणी आणलंय.

विजेच्या फायरप्लेस मागच्या खोलीत होत्या. एक पांढऱ्या संगमरवरासारखी दिसणारी, बोटांनी वाजवली तर पोकळ. एक भिंतीवर चित्रासारखी टांगायची, ती नवऱ्याला आवडली. एक काळ्या लोखंडी चुलीसारखी, पायांवर उभी. आणि एक गडद लाकडी चौकटीची, वर फळी असलेली. सेल्समनने रिमोट दाबला आणि सगळ्यांत एकदम ज्वाळा नाचायला लागल्या. "हीट के बिना भी चलता है, मॅडम. सिर्फ देखने के लिए."

आबांनी काळजीने विचारलं, "धूर कुठनं जातो?"

"धूर नाही, आबा. आत दिवा आहे आणि पुढे फिरणारं चक्र."

"म्हंजे जळत काय न्हाईच?"

"इट्स फेक, आबा," माझी अकरा वर्षांची मुलगी म्हणाली. "बट इट्स सो कूल. प्लीज, मम्मा."

आबा लाकडी चौकटीच्या फायरप्लेसपुढे बराच वेळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "जी आग काय खात न्हाई, तिला सांभाळायचं काय?" हे ते कोणाला उद्देशून बोलले नाहीत. मी ऐकलं आणि सोडून दिलं, कारण मी तेव्हा पर्समधून टेप काढून जमिनीपासून गरम वाऱ्याच्या जाळीची उंची मोजत होते. खुर्चीत बसल्यावर त्यांच्या पायांना ऊब लागली पाहिजे, हा माझा हिशेब होता. लोखंडी चुलीची जाळी फार खाली होती, संगमरवरीची फार वर. लाकडी चौकटीची अगदी नेमकी होती. "तुम्हीच निवडा, आबा," मी म्हटलं, आणि टेप त्याच फायरप्लेसवर ठेवला.

"मला नको, पोरी."

दोन.

सेल्समनने सोळाशे दिरम सांगितले. नवऱ्याने सवयीने मोठ्यांदा गुणाकार केला, "म्हणजे साधारण एकोणीस-वीस हजार." आबांनी माझा दंड धरला. "नको. खरंच नको."

आता 'खरंच नको' हेही आमच्याकडे पंगतीत ऐकू येतंच. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. "आबा, मी ऐकणार नाहीये," मी म्हटलं. त्यांनी थोडा वेळ सगळ्या ज्वाळांकडे बघितलं आणि मग लाकडी चौकटीकडे बोट केलं. "मग हीच घे. पुसायला तरी सोपी." मी जिंकले होते.

दोन दिवसांनी ती बसवायला माणूस आला, चिपळूणकडचा, चाळिशीतला. अल-कूझच्या लेबर कॅम्पात राहायचा आणि दोन वर्षं घरी गेला नव्हता. आबांचं आणि त्याचं लगेच जमलं. एकाने लेव्हल धरायची, दुसऱ्याने पाचर ठोकायची. "काका, तुमच्या ह्या भिंतीला पोट आलंय," तो म्हणाला. "घर पाव्हण्यांचं हाय, त्यांना सांगा," आबा हसून म्हणाले. काम संपल्यावर मी त्याला जेवायला थांबायला सांगितलं. "नको ताई, जेवूनच आलोय." मी ताट घेतलं. "नको ओ, खरंच." मी वाढलं. तो बसला आणि पाच पोळ्या खाऊन उठला, आमटी तीनदा घेतली. तो गेल्यावर आबा म्हणाले, "बघ, भुकेला होता." मी नवऱ्याकडे असा काही कटाक्ष टाकला, की तो पेपरमागे गेला.

त्याच सुमाराला गावाकडे कारखान्यात बॉयलर पेटवायचा समारंभ असतो. हंगामाच्या सुरुवातीला पूजा करून, नारळ फोडून भट्टीत आग घालतात. निवृत्त झाल्यावरही आबांना दरवर्षी बोलावणं असायचं, यंदा पहिल्यांदा चुकलं होतं. मला वाटलं, आपण इथेच करूया. मी हळद-कुंकू आणलं, करामातून नारळ आणला. आबांनी चौकटीला कुंकवाची पाच बोटं ओढली, नारळ स्वयंपाकघराच्या ओट्यावर फोडला आणि मुलीने रिमोट दाबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनीही वाजवल्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी घरी आले की आबा स्वेटर घालून फायरप्लेसपुढे बसलेले असायचे. पाय जाळीपुढे, हातात पेपर. मला बघून म्हणायचे, "झकास ऊब हाय." मी पर्स टाकायच्या आधी त्यांच्याकडे बघून घ्यायची. खरं सांगते, त्या तीन आठवड्यांइतकं समाधान मला दुबईत दुसऱ्या कशाने मिळालेलं नाही. मैत्रिणींना मी फोन करकरून सांगत होते. एकीकडून तर व्हिसाच्या फॉर्मची प्रत मागवून घेतली. आता ते राहतील, असं मला वाटायला लागलं होतं.

मग रमजान सुरू झाला. पहिल्या दिवशी ऑफिस दोनला सुटलं आणि तीनच्या सुमाराला मी दारात उभी होते. किल्ली फिरवली, दार अर्धं उघडलं. आमच्या दारासमोर आरसा होता, त्यात हॉल दिसायचा. फायरप्लेस बंद होती. आबा नुसत्या बंडीवर आपल्या खोलीतून घाईघाईने बाहेर आले, चालता चालता स्वेटरमध्ये डोकं घातलं, खाली वाकून बटण दाबलं आणि खुर्चीत बसून पेपर उचलला. हे सगळं मला आरशात दिसत होतं आणि मी दिसतेय हे त्यांना माहीत नव्हतं.

मी आत गेले. ते म्हणाले, "झकास ऊब हाय."

मी सरळ त्यांच्या खोलीत गेले. खोली छान उबदार होती. छताजवळच्या एसीच्या जाळीवर पुठ्ठा बसवलेला होता, कोपरे गोल कापलेले, कडेला चिकटपट्टी एका रेषेत. जन्मभर भट्टीची झाकणं बसवणाऱ्या माणसाचं काम होतं ते.

"हे कधी लावलंत?"

"आलो त्याच्या दुसऱ्या आठवड्यात."

"स्टुलावर चढून?"

त्यांनी स्टूल पायाने कोपऱ्यात सरकवलं.

"म्हणजे आपण शोरूममध्ये गेलो तेव्हा तुम्हाला थंडी वाजत नव्हती?"

"हॉलमधी वाजायची थोडी. खोलीत न्हाई."

मला संताप आला. त्यांचा, माझा, त्या लखनौवाल्याचा, सगळ्यांचाच. मी बरंच काही बोलले. सांगायचं नाही का, मी काय परकी आहे का, मी वेड्यासारखी टेप घेऊन मोजत बसले होते. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाले, "तीन डाव सांगितलं की, नको म्हणून. तुझाच जीव अडकला होता त्यात. म्हणून बसत होतो."

मग मीच खाली बसले आणि रडले. आबांनी मला पाणी आणून दिलं. फ्रिज उघडायला त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.

नवरा आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो "मी म्हणत होतो" असं म्हणाला नाही, पण ते त्याच्या चेहऱ्यावर होतं. मला पहिल्यांदा वाटलं की तोच बरोबर आहे. आपण आग्रह म्हणतो आणि दुसऱ्याच्या तोंडातला शब्द ऐकतच नाही. आपल्याला द्यायचं असतं म्हणून देतो. समोरचा बिचारा आपल्या समाधानासाठी स्वेटर घालून बसतो. मी ठरवलं, यापुढे आबा जे म्हणतील ते खरं धरायचं. जे तोंडाने म्हणतील तेच.

नोव्हेंबरच्या शेवटी व्हिसाची मुदत जवळ आली. एका शुक्रवारी सकाळी मी रेसिडेन्स व्हिसाचा फॉर्म घेऊन आबांच्या समोर बसले. चहा झाला होता. हवा सुंदर होती, बाल्कनीचं दार उघडं होतं. मी फॉर्म टेबलावर ठेवला आणि विचारलं, "आबा, कायमचे राहता का आमच्याकडे? राहणार असाल तर उद्याच कागद करायला देते."

ते फॉर्मकडे बघत म्हणाले, "नको बाळ. जातो मी."

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. मोरी, सहा ते अकरा, एकटं घर, आईचा फोटो, माझी झोप उडालेली. ते सगळं मी गिळलं. "बरं," मी म्हटलं. "तुमची इच्छा असेल तसं."

आबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. चांगले काही क्षण बघत राहिले. मी हसले, म्हणजे मला राग आलेला नाही हे त्यांना कळावं म्हणून. मग ते उठले, कप धुऊन पालथा घातला आणि म्हणाले, "विमान कधीचं मिळतंय बघ." मला तेव्हा स्वतःचं कौतुक वाटलं होतं. इतक्या वर्षांत आपण पहिल्यांदा बापाचं ऐकलं, असं वाटलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते गेले.

ते जायच्या आधी मी खबरदारी मात्र घेतली. शेजाऱ्यांना सांगून मोरीत कड्या बसवून घेतल्या, फरशी खरखरीत केली, सकाळी सातला एक बाई येऊन बघून जाईल अशी सोय केली. दर शुक्रवारी सकाळी मी फोन करायची. पहिले काही महिने सगळं जेवणाखाण्याचं आणि औषधांचंच बोलणं व्हायचं.

गुढीपाडव्याच्या आसपास एका शुक्रवारी आबा जरा खुशीत होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "शेजारीण विचारत होती, लेकीनं ठेवून घेतलं न्हाई व्हय? म्हटलं, विचारलं की तिनं." मग थोडं थांबले. "एकदा विचारलं."

ते हसले.

"मी आपला दोनदा नको म्हणायच्या तयारीनं बसलो होतो," आबा म्हणाले. "तिसऱ्यांदा गप्प बसायचं ठरवलं होतं."

"आबा, मग तुम्ही सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? आपण होऊन लेकीच्या घरी ऱ्हातो, असं बापानं कसं म्हणायचं? तू धरून बसली असतीस, तर गावात सांगायला तोंड तरी ऱ्हायलं असतं. लेक ऐकंना, काय करणार, म्हणून ऱ्हायलो." त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. एखाद्या जुन्या गंमतीबद्दल बोलावं तसं बोलत होते.

मी म्हटलं, "मग आता या. आजच तिकीट काढते. मी ऐकणार नाहीये."

"आता नको," ते म्हणाले. "आता सगळ्यांना सांगून झालंय, करमंना म्हणून आलो परत. फिरून निघालो तर हसतील लोक." हे नको वेगळं होतं, ते मला फोनवरही कळलं. त्यात वाट बघणं नव्हतं. मी दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, माझं रडणं त्यांना ऐकू जात होतं, आणि ते दर वेळी तितक्याच मायेने नको म्हणाले.

नवऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याने हातातला पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मी तुला चुकीचं शिकवलं का?" मी नाही म्हटलं. त्याने मला काही शिकवलं नव्हतं. मीच एकदा चुकले आणि घाबरून जाऊन नको तिथे शहाणी झाले. फायरप्लेसच्या वेळी आबांना खरंच नको होतं आणि त्या शुक्रवारी त्यांना हवं होतं. दोन्ही वेळा शब्द तोच होता. फरक कळायला त्यांच्याकडे बघावं लागलं असतं. पहिल्यांदा माझं लक्ष टेपकडे होतं, दुसऱ्यांदा स्वतःच्या शहाणपणाकडे. याचं दुःख मला आजही होतं.

त्यानंतर आबा चार वर्षं जगले. मी सुट्टीला जायची, पंधरा दिवस राहायची, परत यायची. आणि दर शुक्रवारी फोन ठेवताना विचारायची, "आबा, येता का? कागद करते." नवरा सुरुवातीला म्हणाला, त्यांनी सांगितलंय ना, कशाला तेच तेच? मी त्याचं ऐकलं नाही. ते येणार नाहीत हे मला ठाऊक होतं, पण मी विचारायचं सोडलं तर त्यांना ते सहन होणार नाही, हेही ठाऊक होतं. ते नको म्हणायचे, मी अजून एकदा म्हणायची, ते पुन्हा नको म्हणायचे. मग शेजारणीला हाक मारून सांगायचे, मला ऐकू यायचं, "लेक लई मागं लागलीय. ऐकतच न्हाई."

ते एका मंगळवारी पहाटे झोपेतच गेले, स्वतःच्या घरात. त्याआधीच्या शुक्रवारीही मी विचारलं होतं. नको म्हणाले, आणि मग म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी जरा लवकर कर फोन."